मटणाच्या दुकानापासून गुडघ्याच्या झटक्यापर्यंत: स्नायू आणि चेतापेशी हाताने शिकायची पद्धत

बहुतेक मुलं चेतापेशीची आकृती वेगळी पाठ करतात आणि स्नायूची वेगळी. पेपरात दोन्ही आकृत्या सुबक येतात, नावं जागच्या जागी पडतात; पण "पाय हलला म्हणजे आत नेमकं काय काय झालं?" एवढं विचारलं की गाडी अडते. शरीरात या दोन गोष्टी वेगवेगळ्या काम करतच नाहीत. चेतेकडून, म्हणजे चेतापेशींच्या धाग्यांच्या दोरीकडून, हुकूम आल्याशिवाय हातापायाचा स्नायू आपणहून आखडत नाही, आणि स्नायू नसेल तर चेतापेशीच्या हुकमातून बाहेर काही घडत नाही. म्हणून मी शिकवताना एकच वाट धरतो. पाठीच्या कण्यातून एक हुकूम निघतो आणि पोटरीपर्यंत पोचतो. त्याच्या मागोमाग जायचं. वाटेत जे लागेल त्याची रचना बघायची आणि ती तशीच का आहे, हे तिथल्या तिथे विचारायचं.

नववीपासून बारावीपर्यंतची मुलं, नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, तालमीत जाणारी पोरं, सगळ्यांना ही पद्धत चालते. दोन रविवार पुरतात. मांसाहार न करणाऱ्या घरातल्यांनी पहिल्या दोन पायऱ्या नुसत्या वाचून पुढे जावं. पुढचे प्रयोग स्वतःच्या अंगावरचे आहेत.

तयारी

कोल्हापुरात मटणाचं दुकान शोधावं लागत नाही. रविवारची गर्दी ओसरल्यावर जा आणि मामांना सरळ सांगा, "शिकायला पाहिजे, तुकडे करू नका." चार गोष्टी घ्या: मागच्या पायाचा हाडासकट अख्खा तुकडा, एक हृदय (दुकानात त्याला दिल म्हणतात), थोडी वजडी, आणि मानेचा किंवा पाठीचा एक मणका. एवढ्यात शरीरातले तिन्ही प्रकारचे स्नायू आणि चेतासंस्थेचा एक तुकडा हाती येतो.

सोबत दोन शिवणाच्या सुया, धारदार ब्लेड, पांढरी बशी, 30 सेंटिमीटरची पट्टी. शाळेचा मायक्रोस्कोप मिळाला तर उत्तमच. मग प्रयोगशाळेतून मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचे दोन थेंब मागून आणा. कच्च्या मांसाला लावलेली बशी, ब्लेड आणि सुया परत स्वयंपाकात वापरू नका, हात साबणाने धुवा. आणि घाई करू नका. या कामात बघणं हेच काम आहे.

पहिली पायरी: स्नायू उलगडणे

मांडीचा तुकडा बशीत ठेवा. वरून एक पातळ, चकचकीत पांढरं आवरण दिसेल. नखाने उचललं तर पापुद्रा सुटतो. हे अख्ख्या स्नायूचं वेष्टन. आता ब्लेडने रेषांच्या आडवा काप घ्या आणि कापलेली बाजू उजेडात धरा. लाल भागात बारीक पांढऱ्या रेषांनी पाडलेले छोटे छोटे कप्पे दिसतात. प्रत्येक कप्पा म्हणजे स्नायूतंतूंचा एक जुडगा, आणि पांढरी रेष म्हणजे त्याचं वेष्टन. तिसरं वेष्टन प्रत्येक तंतूभोवती असतं, ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

ही वेष्टनं टोकाकडे एकत्र येतात आणि त्यांचाच स्नायूरज्जू बनून हाडाला चिकटतो. त्यामुळे आत कुठेही तंतू आखडला तरी ओढ हाडापर्यंत जाते. वेष्टनं मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाची असतात. पांढऱ्या रश्श्यासाठी काढलेलं आळणी पाणी फ्रिजमध्ये ठेवल्यावर जेलीसारखं घट्ट होतं, ते याच कोलॅजेनमुळे: शिजताना ते विरघळून पाण्यात उतरतं. मटण शिजल्यावर धागे सुटे होतात त्याचंही कारण हेच. बांधणारी वेष्टनं गेली, तंतू मोकळे झाले.

आता एक जुडगा सुयांनी लांबीच्या दिशेने सोडवत जा, जमेल तितका बारीक धागा काढा. तुमच्या हाती आलेल्या सर्वांत बारीक धाग्यातही बहुधा अनेक तंतू असतात, कारण एका तंतूची जाडी साधारण 10 ते 100 मायक्रोमीटर, म्हणजे फार तर मिलिमीटरचा दहावा भाग. पण लांबी काही सेंटिमीटर भरू शकते. आणि हा प्रत्येक तंतू म्हणजे एकच पेशी आहे. गर्भात अनेक लहान पेशी एकमेकींत मिसळून ती तयार होते, म्हणून तिच्यात शेकडो केंद्रकं असतात आणि ती कडेला सरकलेली असतात. मधली जागा आखडण्याच्या यंत्रणेने भरलेली असते.

मायक्रोस्कोप असेल तर हा धागा काचपट्टीवर मिठाच्या पाण्यात ठेवा (अर्धा लिटर पाण्याला पाऊण चमचा मीठ), मिथिलीन ब्लूचा थेंब टाकून दोन-तीन मिनिटं थांबा, वर कव्हरस्लिप ठेवून हलकं दाबा. आधी लहान भिंगाने शोधा, मग 400 पट मोठं करून बघा. मुलांना पट्टे दिसत नाहीत याचं नेहमीचं कारण जास्तीचा उजेड. खालचा डायफ्रॅम (उजेड कमी-जास्त करणारी झडप) जवळजवळ मिटवा आणि फाइन स्क्रू हळूहळू फिरवा. एका क्षणी तंतूवर आडवे फिके-गडद पट्टे उमटतात. तो क्षण चुकवू नये असा आहे, कारण पुढे सांगितलेलं सगळं काम त्या पट्ट्यांत चालतं.

आता हृदय. भिंतीचा तुकडा कापून धागा ओढायचा प्रयत्न करा. मांडीसारखा लांब सरळ धागा निघत नाही. हृदयाच्या पेशी आखूड, फाटे फुटलेल्या आणि टोकाला टोक जोडलेल्या असतात, शिवाय भिंतीतल्या थरांची दिशा फिरत जाते. त्या जोडांतून विद्युतसंदेश एका पेशीतून दुसरीत थेट जातो, म्हणून अख्खी भिंत एकदम आखडते. पट्टे इथेही असतात, पण केंद्रक बहुतेक एकच आणि मधोमध. ठोका सुरू करायला चेतेची गरज नाही, तो हृदयातल्याच पेशी सुरू करतात. चेता फक्त वेग कमी-जास्त करते. मिनिटाला 70 ठोके धरले तर दिवसाला लाखभर होतात.

वजडी हातात घेऊन ताणा. लांब धागे नाहीत, पट्टे नाहीत. दोन्ही टोकांना निमुळत्या, एका केंद्रकाच्या पेशींचे थर आहेत, एक आडवा आणि एक उभा. ते आळीपाळीने आखडतात आणि अन्न पुढे सरकतं. हा अनैच्छिक, अपट्टकी स्नायू. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत, गर्भाशयात, डोळ्याच्या बाहुलीभोवती तोच असतो. फरक लिहा असा प्रश्न आला तर हे तीन तुकडे डोळ्यांपुढे आणा, पाठांतर लागत नाही.

दुसरी पायरी: चेता ओळखणे

इथे बहुतेकांची गल्लत होते, म्हणून सावकाश. मांडीच्या हाडामागे, दोन स्नायूंच्या मधल्या फटीत बोट घाला. पांढरी दोरी लागेल. ती चेता आहे, स्नायूरज्जू आहे की रक्तवाहिनी, हे तीन खुणांवरून ठरवा. स्नायूरज्जू चकचकीत आणि कडक असतो. त्याचं एक टोक मांसात शिरतं, दुसरं हाडाला घट्ट चिकटतं. रक्तवाहिनी कापली की मध्ये भोक दिसतं. चेता मंद पांढरी किंवा पिवळसर, लवचीक, भरीव. कुठेही हाडाला न चिकटता स्नायूंमधून वाट काढत जाते आणि जाताना फांद्या देते. तिचं कापलेलं टोक सुईने विंचरलं तर लांबीच्या दिशेने बारीक बारीक धागे सुटतात. त्या प्रत्येक धाग्यात शेकडो अक्षतंतू, म्हणजे चेतापेशींचे निरोप पुढे नेणारे लांब तंतू, आहेत.

मग मणका घ्या. मधल्या भोकात मऊ पांढरी दोरी असते, ती मेरूरज्जू. नळीतून आपण चोखून खातो ती मज्जा वेगळी. ती हाडातली, रक्तपेशी आणि चरबीची, तिचा चेतेशी संबंध नाही. मेरूरज्जू ब्लेडने आडवा कापा आणि भिंगातून बघा. तुकडा ताजा असेल तर मध्ये करड्या रंगाचा, पंख पसरल्यासारखा आकार आणि भोवती पांढरा भाग दिसतो. करड्या भागात चेतापेशींची पेशीकायं (केंद्रक असलेले मुख्य भाग) आहेत, पांढऱ्यात मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं वेष्टन असलेले अक्षतंतू. पायाला हुकूम देणाऱ्या पेशी करड्या भागाच्या पोटाकडच्या शिंगात बसलेल्या असतात. आपल्या वाटेची सुरुवात इथे झाली.

तिसरी पायरी: चेतापेशी मापात काढणे

वहीतली आकृती एका बाबतीत फसवते: तिच्यात अक्षतंतू फारच आखूड असतो. मापात काढून बघा. हालचालीच्या मोठ्या चेतापेशीचं पेशीकाय 0.1 मिलिमीटरपर्यंत भरतं. तिचा कमरेपासून पावलापर्यंत जाणारा अक्षतंतू जवळजवळ 1 मीटरचा. अंबाबाईच्या देवळाजवळच्या भिंतीवर 10 सेंटिमीटरचं पेशीकाय काढलं, तर त्याच मापाने अक्षतंतू 1 किलोमीटर लांब होईल, म्हणजे रंकाळ्याला पोचेल. हे एकदा मनात बसलं की पुढचे प्रश्न आपोआप पडतात. इतक्या लांबच्या टोकाला प्रथिनं कशी पोचतात? ती पेशीकायात बनतात आणि अक्षतंतूच्या आतून वाहून नेली जातात. तंतू मध्येच तुटला तर? तुटल्यापुढचा भाग मरतो, आणि हातापायातली चेता असेल तर नवा तंतू साधारण दिवसाला 1 मिलिमीटर या गतीने वाढतो. म्हणूनच दंडाला चेता तुटली तर बोटांत जीव यायला वर्ष लागू शकतं.

वृक्षिका (पेशीकायाच्या आखूड फांद्या) निरोप घेतात. पेशीकायात त्यांची बेरीज होते. थांबवणारे निरोपही त्याच बेरजेत धरले जातात. बेरीज ठरावीक पातळीवर गेली तरच अक्षतंतू पेटतो, नाहीतर नाही. अर्धवट हुकूम असा प्रकार नसतो.

चौथी पायरी: हुकूम धावतो कसा

शांत असलेल्या चेतापेशीच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण असते. पेशीपटलातला पंप दर फेरीला सोडियमचे 3 विद्युतभारित कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे 2 आत घेतो, आणि त्यासाठी सतत ऊर्जा खर्च करतो. हुकूम आला की सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, आतली बाजू क्षणभर +30 मिलिव्होल्टच्या आसपास जाते. मग पोटॅशियम बाहेर पडतं आणि गाडी मूळ पदावर येते. सगळा खेळ एक-दोन मिलिसेकंदांचा. शेजारच्या भागात हेच घडतं, मग त्याच्या शेजारी.

हे गणितासकट मांडलं हॉजकिन आणि हक्सली यांनी, स्क्विडच्या जाड अक्षतंतूवर काम करून, 1952 साली. कोल्हापूरकरांना हे साल लक्षात ठेवायला सोपं आहे: राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं तेच हे वर्ष.

मायलिन असलेल्या तंतूत संदेश मायलिनमधल्या एका फटीतून पुढच्या फटीत उडी घेत जातो, म्हणून जाड तंतूत वेग सेकंदाला 100 मीटरच्या पुढेही जातो. मायलिन नसलेल्या बारीक तंतूत तो 0.5 ते 2 मीटरच असतो. याचा पुरावा तुमच्या पायात आहे. अंगठ्याला ठेच लागली की आधी एक तीक्ष्ण कळ येते, आणि क्षणभराने मागून ठसठसणारं दुखणं. पहिली कळ मायलिन असलेल्या तंतूतून आली. दुसरी त्याच वेळी निघाली होती, पण हळू तंतूतून.

पाचवी पायरी: हुकूम स्नायूत उतरतो

अक्षतंतूचं टोक स्नायूतंतूला चिकटलेलं नसतं. मध्ये सुमारे 50 नॅनोमीटरची फट असते आणि वीज ती ओलांडत नाही. टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं, समोरच्या ग्राहींवर (रसायन पकडणाऱ्या प्रथिनांवर) बसतं, आणि स्नायूतंतूत नवा विद्युतसंदेश सुरू होतो. लगेच एक एन्झाइम ॲसिटिलकोलिन तोडून टाकतं, म्हणजे एका हुकमाला एकच झटका. ही फट नीट समजून घ्या. शेवटी तिचं काम पडणार आहे.

स्नायूतंतूतला संदेश पटलावरून बारीक नळ्यांतून आत खोल जातो, तिथल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं. आता दोन्ही हात समोर धरा, तळवे छातीकडे, बोटांची टोकं एकमेकांत थोडी शिरलेली. एका हाताची बोटं ॲक्टिन, दुसऱ्याची मायोसिन, ही तंतूतल्या दोन प्रथिनांच्या धाग्यांची नावं. हात जवळ आणा. बोटं आखूड झाली नाहीत, फक्त एकमेकांत सरकली. तरी दोन कोपरांमधलं अंतर कमी झालं. स्नायू आखडतो तो असाच. हे 1954 साली दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी दाखवलं. मायक्रोस्कोपमधला गडद पट्टा म्हणजे मायोसिनची जागा, आणि तो पट्टा आखडतानाही तेवढ्याच रुंदीचा राहतो. कमी होतो तो फिका पट्टा. परीक्षेत हे विचारतात, आणि बोटं आठवली तर चुकत नाही.

कॅल्शियमचं काम कुलूप काढण्याचं. ते ॲक्टिनवरच्या ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटतं, तिथलंच ट्रोपोमायोसिन हे दुसरं प्रथिन बाजूला सरकतं, आणि मायोसिनच्या मुंड्यांना ॲक्टिन पकडायला जागा मिळते. मुंडी पकडते, ओढते. पण सोडण्यासाठी तिला एटीपीचा (पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा) नवा रेणू लागतो. बकरं कापल्यावर काही तासांत मांस ताठरतं ते यामुळेच: एटीपी संपलं, मुंड्या अडकून राहिल्या. स्नायू सैल सोडायलाही ऊर्जा लागते, हे अनेकांना खरं वाटत नाही.

तालमीत एक समज मात्र पक्का आहे, तो काढायला हवा. जोर-बैठका वाढवल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखतं ते लॅक्टिक ॲसिड साठल्यामुळे नाही. लॅक्टिक ॲसिड तासा-दीड तासात निघून जातं. नंतरचं दुखणं तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचं आणि तिच्या दुरुस्तीचं असतं.

सहावी पायरी: ताकद कुठून येते

एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले सगळे तंतू मिळून एक तुकडी बनते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका पेशीकडे दहा-वीस तंतू, पोटरीत हजारांच्या घरात. त्यामुळे डोळा बारीक हलतो आणि पोटरी नुसता जोर लावते. हलकं काम असेल तर लहान तुकड्या आधी उठतात, वजन वाढेल तशा मोठ्या.

नव्याने आखाड्यात उतरलेल्या पोराची ताकद पहिल्या काही आठवड्यांत वाढते, पण दंडाचा घेर मोजला तर जवळपास तेवढाच. ती वाढ मुख्यतः चेतांची असते: जास्त तुकड्या एकदम उठायला शिकतात. घेर नंतर वाढतो, आणि तोही मुख्यतः तंतू जाड झाल्यामुळे. संख्या जवळपास तीच राहते. पहिल्याच महिन्यात आरशात फरक दिसत नाही म्हणून तालीम सोडणाऱ्यांना हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवं.

सातवी पायरी: स्वतःच्या अंगावर तपासा

गुडघ्याचा झटका. जोडीदाराला टेबलावर बसवा, पाय लोंबकळत ठेवा. गुडघ्याच्या वाटीच्या लगेच खाली, जिथे दाबलं तर ताणलेली दोरी लागते, तिथे तळहाताच्या कडेने हलका ठोका मारा. मांडीचा स्नायू ताणला जातो, संदेश कमरेच्या मेरूरज्जूत जातो आणि मेंदूला न विचारता परत येतो. पाय उडाला नाही तर त्याला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगा आणि त्याच क्षणी ठोका मारा. झटका बहुधा वाढतो.

कोपराची खाच. कोपराच्या आतल्या हाडामागच्या खाचेत बोटाने हळूच चोळा. करंगळीत मुंग्या येतात. तुम्ही चेतेला कोपरावर हात लावलात, पण मेंदू तो निरोप तिच्या टोकाचा समजतो.

पट्टी पकडणे. जोडीदार पट्टी उभी धरतो, तुमची बोटं शून्यापाशी. न सांगता सोडली की पकडा. 10 सेंटिमीटरवर पकडली तर 0.14 सेकंद, 15 वर 0.17, 20 वर 0.20, 25 वर 0.23, 30 वर 0.25. पाच वेळा करून सरासरी काढा. आता विचार करा: डोळ्यापासून हातापर्यंतचं मीटरभर अंतर सेकंदाला 50 मीटरने गेलं तरी 0.02 सेकंदच लागतात. मग बाकीचा वेळ? तो डोळ्याच्या पडद्यात आणि मेंदूत, ओळखण्यात आणि ठरवण्यात जातो. समोरचा पट काढायला (पाय धरून पाडायला) वाकणार हे कसलेला पैलवान आधी ओळखतो, ते चेतेचा वेग वाढला म्हणून नव्हे. खांद्याची हालचाल वाचायला त्याचा मेंदू शिकलेला असतो.

शेवटची पायरी: साखळी कुठे तुटली ते शोधा

विषय समजला की नाही याची खरी परीक्षा इथे. आपला जिल्हा उसाचा. फवारणी आणि साप दोन्ही रोजचे.

ऑर्गनोफॉस्फेट प्रकारचं कीटकनाशक अंगात गेलं तर ॲसिटिलकोलिन तोडणारं एन्झाइम बंद पडतं. फटीत रसायन साचतं. बाहुल्या बारीक होतात, लाळ आणि घाम सुटतो, स्नायू आपोआप फडफडतात आणि मग दमून निकामी होतात, श्वासाचेही. कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा, औषधाची बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

नागाचं विष स्नायूच्या बाजूच्या ग्राहींवर बसतं, रसायन येऊनही हुकूम पोचत नाही. मण्यारीचं विष मुख्यतः अक्षतंतूच्या टोकावर घाव घालतं, तिथून रसायन सुटणंच थांबतं. टोक पुन्हा तयार होईपर्यंत रुग्णाला काही दिवस कृत्रिम श्वासावर ठेवावं लागू शकतं, म्हणून वेळ फार मोलाची. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. सूज आणि वेदना जवळजवळ नसतात, खूण सापडेलच असं नाही. पहाटे उठलेला माणूस पोट दुखतंय म्हणाला, पापण्या उघडत नाहीत, गिळता येत नाही, बोलणं जड झालं, तर तो चावा धरूनच चला. बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. माणसाला न चालवता, चावलेला भाग न हलवता 108 ला फोन करा आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय किंवा कोल्हापुरात सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) गाठा. पापण्या किती वाजता जड झाल्या ते डॉक्टरांना सांगा.